‘हुबेहूब’चा निकष : जिल्ह्याच्या गावातील ऑर्केस्ट्रा, त्याच्या आठवणी आणि समीक्षेचे मौन

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत ‘ऑर्केस्ट्रा’ या नावाने ओळखला जाणारा एक सादरीकरण-प्रकार रुजला. आठ-दहा वादक, दोन-तीन गायक, एखादी गायिका, एक निवेदक आणि मध्येच नकला करून दाखवणारा एक कलावंत असा त्याचा सर्वसाधारण संच असे. स्वतःची रचना सादर करणे हा त्याचा दावा नव्हता. चित्रपटांतून व रेडिओवरून लोकांच्या ओठी बसलेली गाणी त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा उभी करणे, हेच त्याचे काम होते. पाश्चात्त्य देशांत मद्यगृहांतून दुसऱ्यांची गाणी वाजवत फिरणाऱ्या स्थानिक वादकसंचांशी त्याचे नाते आहे. मात्र जालन्यासारख्या जिल्ह्यात अशा संचांना आधार मिळाला तो गणेशोत्सव, नवरात्र, जयंती, उरूस, जत्रा आणि लग्नसमारंभ यांचा.

या प्रकाराविषयी आज जे काही शिल्लक आहे, ते मुख्यतः आठवणींच्या रूपात. या आठवणींत एक शब्द वारंवार भेटतो : ‘हुबेहूब’. गायक हुबेहूब मुकेशसारखा गात असे, वादक हुबेहूब रेकॉर्डप्रमाणे वाजवीत असत, असे गौरवाने सांगितले जाते. समीक्षेने मात्र याच शब्दाच्या आधारे या कलावंतांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले. जे हुबेहूब ते अनुकरण, आणि अनुकरणाची समीक्षा कशाला करावयाची, अशी तिची भूमिका राहिली. रसिकाची स्तुती आणि समीक्षकाचे मौन ही दोन्ही एकाच निकषावर उभी आहेत. हा निकष ऑर्केस्ट्राच्या प्रत्यक्ष व्यवहाराला लागू पडतो काय, आणि त्याने या कलावंतांचे कोणते नुकसान केले, याची तपासणी येथे अभिप्रेत आहे.

२. उसन्या चालींची परंपरा

परकी चाल घेऊन ती आपल्या श्रोत्यांसमोर मांडणे, ही गोष्ट मराठी संगीताला नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) या नाटकातील पदांना साकी, दिंडी यांसारख्या प्रचलित चालींचा आधार होता. गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’ (१९११) या नाटकासाठी आणि भास्करबुवा बखले यांनी ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकासाठी चाली बांधल्या, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानी संगीतातील ठुमऱ्या व बंदिशी यांचा मुक्तपणे उपयोग केला. हे नाट्यसंगीत अनुकरण ठरले नाही. उलट ते मराठी अभिरुचीचे मानदंड बनले. भजनी मंडळांनी चित्रपटगीतांच्या चालींवर अभंग म्हटले, तमाशाच्या फडांनी चित्रपटगीते आपल्या खेळात घेतली, आणि आंबेडकरी जलशांच्या परंपरेतून पुढे आलेल्या भीमगीतांनी लोकप्रिय चालींवर नवे विचार चढवून ते खेडोपाडी पोहोचवले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आणि प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजांना मराठवाड्यात लाभलेले स्थान सर्वश्रुत आहे.

या सर्व उदाहरणांत चाल उसनी असली तरी शब्द, प्रसंग किंवा प्रयोजन बदललेले दिसते. ऑर्केस्ट्राने चाल, शब्द, वाद्यमेळ, इतकेच नव्हे तर आवाजाची धाटणीही उसनी घेतली. समीक्षेची अडचण येथे सुरू होते. बदललेले काहीच दिसत नाही, म्हणून घडलेलेही काही नाही, असा समज दृढ होतो.

३. जालना जिल्ह्याची पार्श्वभूमी

जालना हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून त्याची निर्मिती झाली. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे मराठी, दखनी वळणाची हिंदुस्थानी आणि उर्दू या तिन्ही भाषांची सरमिसळ येथील बाजारपेठेत व बोलण्यात सहज आढळते. हिंदी चित्रपटगीत या प्रदेशाला परके वाटले नाही, याचे एक कारण या भाषिक वारशात शोधता येते. ऑर्केस्ट्राचा निवेदक शेरोशायरीची पेरणी करीत बोलू लागला की त्याची भाषा श्रोत्यांना समजावून द्यावी लागत नसे.

या श्रोत्यांची तयारी रेडिओने केली होती. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने आणि अमीन सायानी यांच्या निवेदनाने देशभरातील श्रोत्यांची स्मृती एकसारखी घडवली. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली. मुंबईतील श्रोता आणि परतूरमधील श्रोता यांना एकाच गाण्यातील एकच बासरीचा तुकडा पाठ असणे, ही सांस्कृतिक इतिहासातील अभूतपूर्व घटना होती. ऑर्केस्ट्राचे कलावंत ज्या श्रोत्यांसमोर उभे राहत, त्यांना मूळ गाणे स्वरास्वरांनी ठाऊक असे. शास्त्रीय गायकाला जे स्वातंत्र्य असते ते येथे नव्हते, आणि तुलनेतून सुटकाही नव्हती.

जिल्ह्याच्या सांगीतिक जीवनाचा एक भाग नोंदींत सापडतो. अंबड येथे दत्तजयंतीच्या निमित्ताने होणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या उत्सवाला दीर्घ परंपरा आहे, आणि तिची आठवण आदराने काढली जाते. त्याच अंबडला मत्स्योदरी देवीची नवरात्रातील यात्रा भरते. यात्रा-जत्रांच्या आणि उत्सवांच्या मांडवांत ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांची नावे मात्र अशा आदराने घेतली जात नाहीत. हा भेद गुणवत्तेचा आहे की नोंद ठेवणाऱ्यांच्या दृष्टीचा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

४. सादरीकरणाचे अंतरंग : संक्षेपाची कला

ऑर्केस्ट्राच्या वादकाचे पहिले काम ऐकण्याचे असे. चित्रपटगीतांच्या वाद्यमेळाची लिखित स्वरलिपी बाजारात मिळत नसे. तबकडी किंवा कॅसेट पुनःपुन्हा मागे नेऊन प्रत्येक वाद्याचा तुकडा कानाने टिपावा लागे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. स्टिथ बेनेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रॉक वादकांवरील अभ्यासात, ध्वनिमुद्रणावरून गाणे उतरवून घेणे हीच या वादकांची खरी पाठशाळा असते, असे दाखवले आहे. तबल्यावर किंवा हार्मोनियमवर हात बसलेल्या मराठवाड्यातील वादकाला तर एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जावे लागे. स्वरमेळ, बेसची चाल, अंतऱ्यापूर्वीचे व्हायोलिनचे तुकडे हे सारे त्याला कोणी शिकवलेले नसे.

दुसरे काम निवडीचे. शंकर-जयकिशन यांच्यासारख्या संगीतकारांच्या गाण्यांत कित्येक डझन वादक एकत्र वाजवीत. तेच गाणे आठ जणांनी वाजवावयाचे असेल तर काय ठेवावयाचे आणि काय सोडावयाचे, याचा निर्णय घ्यावा लागतो. व्हायोलिनच्या समूहाचा भाग अ‍ॅकॉर्डियनवर किंवा पुढे की-बोर्डवर जाई. ज्या संचात बासरीवादक नसे तेथे तिचा तुकडा मेंडोलिनने घ्यावा लागे. तबला, ढोलक आणि बोंगो यांचे काम दोन हातांत सामावले जाई. गाण्याचा आरंभीचा तुकडा मात्र शक्य तितका जपला जाई. कारण पहिल्या चार स्वरांतच श्रोता गाणे ओळखतो आणि शिट्टी वाजते. गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलली जाई. ‘वन्स मोअर’ मिळाला की साडेतीन मिनिटांचे गाणे सात मिनिटांचे होई, आणि त्या वाढीव वेळात काय वाजवावयाचे हे कोणत्याही तबकडीवर लिहिलेले नसे.

या प्रक्रियेला ‘नकल’ म्हणणे तांत्रिकदृष्ट्याही चुकीचे आहे. ग्रंथाचा उत्तम सारांश करणारा लेखक जे करतो तेच हा संच करतो : आशय न गमावता आकार लहान करतो. श्रोत्याला हुबेहूब वाटते, कारण सोडलेल्या जागा त्याची स्वतःची स्मृती भरून काढते. आठ वादकांकडून साठ वादकांचा भास निर्माण होतो तो रंगमंच आणि श्रोता यांच्या भागीदारीतून. अर्थात प्रत्येक संचाला हे साधत होते असे नाही. बेसूर गायन, कर्कश ध्वनिवर्धक आणि उथळ विनोद यांचेही प्रमाण मोठे होते. परंतु चांगला संच आणि सुमार संच यांतील भेद सांगण्यासाठी जे निकष लागतात, ते घडवण्याचे काम समीक्षेचे होते आणि ते तिने केले नाही.

५. ‘मूळ’ कोणाचे?

अनुकरणाचा आक्षेप ज्या ‘मूळ’ गाण्याच्या नावे घेतला जातो, त्या मूळाकडेही बारकाईने पाहिले पाहिजे. पुणतांब्याला जन्मलेले सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटासाठी जे संगीत दिले, त्यात पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे अंश उघड आहेत. त्यांना साहाय्य करणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे स्वतः मुंबईतील हॉटेलांतून जॅझ वाजवीत, आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीशी असलेल्या साम्यामुळेच त्यांची ख्याती होती. सबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांच्या वाद्यमेळाची बांधणी केली. अँथनी गोन्साल्विस यांनी चित्रपटसृष्टीतील अनेक वादक घडवले. यांपैकी बहुतेकांची नावे तबकडीवर छापली गेली नाहीत. ग्रेगरी बूथ यांचा मुंबईच्या ध्वनिमुद्रण-कक्षांवरील ग्रंथ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जॅझवरील ग्रंथ (२०१२) प्रसिद्ध झाल्यावर या कलावंतांचे कार्य व्यापक वाचकवर्गासमोर आले.

म्हणजे जॅझच्या तबकड्यांवरून शिकलेल्या गोव्याच्या वादकाने मुंबईत एक तुकडा वाजवला, तो ध्वनिमुद्रित झाला, आणि तबकडीवरून तो मराठवाड्यातील एखाद्या वादकाने उचलला. या साखळीत कोणत्या कडीला ‘मूळ’ म्हणावयाचे, हे ठरवणे सोपे नाही. साखळीच्या दोन्ही टोकांना अनामिक वादक उभा आहे, ही गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. मुंबईच्या अनामिकाला अभ्यासक मिळाले. जिल्ह्याच्या गावातील अनामिकाला ते अद्याप मिळावयाचे आहेत.

जे कलावंत या पायरीवरून पुढे गेले, त्यांच्या बाबतीत आपली दृष्टी लगेच बदलते. बीटल्स या इंग्लिश संचाने १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या मद्यगृहांतून मुख्यतः दुसऱ्यांचीच गाणी वाजवली, आणि १९६३ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीवरील चौदांपैकी सहा गाणी इतरांची होती. सोनू निगम बालपणापासून वडिलांबरोबर रंगमंचावर मोहम्मद रफींची गाणी गात. यश मिळाल्यावर या काळाला ‘उमेदवारी’ म्हटले जाते. यश न मिळालेल्यांच्या बाबतीत तोच काळ ‘नकल’ ठरतो. एकाच कृतीची दोन नावे नंतरच्या प्रसिद्धीवरून ठरत असतील, तर तो कृतीवरचा निर्णय म्हणता येत नाही.

६. आठवण काय जपते?

ऑर्केस्ट्राविषयीच्या आठवणींत ‘हुबेहूब’ हा शब्द येतो खरा. पण त्या पुढे सरकू लागल्या की तपशील वेगळेच निघतात. वीज गेली आणि गायकाने ध्वनिवर्धकाविना, केवळ ढोलकीच्या साथीवर गाणे पुरे केले. फर्माइशीची चिठ्ठी आली आणि संचाने तयारी नसलेले गाणे उभे केले. एकाच गायकाने स्त्री-पुरुषांच्या दोन्ही आवाजांत द्वंद्वगीत म्हटले. पावसाने मांडव गळू लागला तरी लोक उठले नाहीत. अशा आठवणींचा नमुना महाराष्ट्रात सर्वत्र सारखा आहे, आणि त्यांत टिकून राहिलेली प्रत्येक गोष्ट तबकडीवर नसलेली आहे. स्मृतीची स्तुती साम्याची असते. तिचा साठा मात्र वेगळेपणाचा असतो.

या आठवणींना आणखी एक पदर आहे. मुकेश १९७६ मध्ये, रफी १९८० मध्ये आणि किशोरकुमार १९८७ मध्ये निवर्तले. त्यानंतर ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ रफी’ अशी बिरुदे लावणाऱ्या गायकांचे कार्य केवळ करमणुकीचे राहिले नाही. पुण्यतिथीच्या कार्यक्रमांतून ते दिवंगत आवाजांचे प्रातिनिधिक वारस झाले. जालन्याच्या श्रोत्याने रफींना प्रत्यक्ष ऐकले असण्याची शक्यता फार थोडी. त्याने रफी रेडिओवर ऐकले आणि त्यांच्यासाठी उभा राहून टाळ्या वाजवल्या त्या स्थानिक गायकासमोर. सामूहिक शोक आणि सामूहिक कृतज्ञता यांना लागणारे जिवंत शरीर या गायकाने पुरवले.

आठवणी जे गाळतात तेही पाहिले पाहिजे. गायिकेचा उल्लेख या कथनांत अनेकदा ओझरता येतो. रात्री उशिरापर्यंत परगावी कार्यक्रम करणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे त्या ओझरतेपणातून कळते. वादकांच्या सामाजिक स्थानाविषयीही स्मरणरंजन मौन पाळते. बँड, भजन, जलसा आणि ऑर्केस्ट्रा यांत एकच वादक हंगामानुसार फिरत असे. त्याच्या हाताला मान होता, परंतु त्याच्या व्यवसायाला तो मान सर्वत्र मिळत नव्हता. आठवणींचे समीक्षण करताना त्यांतील सोनेरी झिलई आणि त्यांतील मौन या दोन्हींची नोंद घ्यावी लागते.

७. निकष उलटतो तेव्हा

ऑर्केस्ट्राच्या ऱ्हासाची कारणे सांगताना तंत्रज्ञानाकडे बोट दाखवले जाते. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात वर्णन केल्याप्रमाणे, जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्यांनी बाजार भरून गेला. एका की-बोर्डने चार वादकांची जागा घेतली, आणि पुढे करावकेच्या ट्रॅकने उरलेल्यांचीही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आले. काही ठरावीक दिवसांपुरतीच मध्यरात्रीपर्यंतची सवलत राहिली. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांचा काळ त्यामुळे संपला. लग्नांत आणि मिरवणुकांत डीजे आला.

ही कारणे खरी आहेत. पण ती पुरेशी नाहीत. तंत्रज्ञानाने ऑर्केस्ट्राचा इतक्या सहज पराभव का केला, याचे उत्तर निकषात आहे. साम्य हेच सर्वोच्च मूल्य मानले तर यंत्र माणसाहून सरस ठरणारच. करावकेचा ट्रॅक जिवंत वादकापेक्षा तबकडीच्या अधिक जवळ असतो, आणि स्वस्तही पडतो. ज्या शब्दाने रसिकांनी आपल्या कलावंतांचा गौरव केला, त्याच शब्दाने त्यांना अनावश्यक ठरवले. संक्षेप, पट्टीची निवड, श्रोत्यांशी संवाद, अडचणीतून मार्ग काढणे हे गुण जर वेळीच नावानिशी ओळखले गेले असते, तर आयोजकांपुढे निदान एक पर्याय मांडता आला असता. समीक्षेच्या मौनाची किंमत अशी व्यवहारात मोजावी लागते.

शब्दाच्या अर्थालाही याच काळात धक्का बसला. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्यातील बारमधील नृत्यावर बंदी घालण्यात आली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. २०१६ च्या नव्या कायद्यातील अनेक अटीही २०१९ मध्ये शिथिल झाल्या. मधल्या काळात अनेक बार ‘ऑर्केस्ट्रा’च्या परवान्यावर चालू राहिले, आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा शब्द छाप्यांच्या बातम्यांशी जोडला गेला. गणेशोत्सवात सहकुटुंब पाहावयाच्या कार्यक्रमाचे नाव संशयास्पद बनले. आयोजक ‘स्वरसंध्या’, ‘सुरेल मैफल’ अशी नावे योजू लागले, यामागे हा बदलही आहे.

८. कायदा, समाजशास्त्र आणि समीक्षा

समीक्षेने नाकारलेली मान्यता या कलावंतांना अनपेक्षित ठिकाणी मिळालेली आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे अधिकार समाविष्ट झाले. सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्ती यांचाही समावेश आहे. रचना कोणाची हा प्रश्न कायदा स्वतंत्र ठेवतो. जिवंत सादरीकरण करणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी सादरकर्ता असतो. वर्गात दुसऱ्यांच्या ग्रंथांवर व्याख्यान देणारा प्राध्यापक आणि मांडवात दुसऱ्यांचे गाणे गाणारा गायक या व्याख्येत शेजारी बसतात. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रित पुनरावृत्तीवर ती पुनरावृत्ती असल्याचे स्पष्ट छापणे आणि आधीच्या गायकाचे नाव वा चित्र न वापरणे बंधनकारक केले. साम्याआड लपलेल्या व्यक्तीला स्वतःचे नाव मिळण्याची वाट त्यातून मोकळी होते.

समाजशास्त्रानेही वाट दाखवली आहे. रूथ फिनेगन यांनी मिल्टन कीन्स या इंग्लंडमधील शहराचा अभ्यास करून १९८९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. चर्चमधील गायनवृंद, ब्रास बँड आणि पबमध्ये वाजवणारे संच या सर्वांना त्यांनी समान गांभीर्याने तपासले. गावाचे संगीत हे तेथील अप्रसिद्ध माणसांच्या नियमित श्रमावर उभे असते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन आहे. ग्रेगरी बूथ यांनी भारतीय लग्नबँडवर २००५ मध्ये असाच ग्रंथ लिहिला. मराठीत अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी मांडून प्रत्येक कोटीला तिचे स्वतःचे निकष असतात, हे तत्त्व प्रस्थापित केले. ऑर्केस्ट्राला हे तत्त्व लावल्यास तो जनसंगीताच्या वितरणाचा आणि संक्षेपाचा स्थानिक प्रकार ठरतो. कलासंगीताच्या नवनिर्मितीच्या कसोटीवर त्याला नापास करणे ही कोटीची गफलत आहे.

९. निष्कर्ष

ऑर्केस्ट्राचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. उपलब्ध वाद्यांत व गळ्यांत मोठ्या वाद्यमेळाचा आशय कितपत उतरला? समोरच्या श्रोत्यांच्या स्मृतीला संचाने किती काम दिले? आणि तबकडीत नसलेल्या प्रसंगाला तो कसा सामोरा गेला? हे तिन्ही प्रश्न तपासता येण्याजोगे आहेत आणि त्यांच्या उत्तरांतून चांगल्या-वाईटाचा विवेकही करता येतो.

त्यासाठी लागणारी सामग्री दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. कार्यक्रमपत्रिका, भिंतीवरची भित्तिपत्रके, वर्गणीच्या वह्या, घरगुती कॅसेटी आणि गाण्यांच्या हस्तलिखित डायऱ्या ही या इतिहासाची साधने असून ती कोणत्याही दप्तरखान्यात जमा झालेली नाहीत. १९७० व १९८० च्या दशकांत तरुण असलेले वादक आज वार्धक्यात आहेत. २०२० च्या टाळेबंदीने उत्सव आणि लग्नसमारंभ थांबले, तेव्हा उरल्यासुरल्या संचांचाही आधार गेला. जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठी, इतिहास, समाजशास्त्र आणि संगीत हे विषय शिकवले जातात. मौखिक इतिहासाचा एक मर्यादित प्रकल्प त्यांच्या आवाक्यात निश्चितच आहे. मुलाखत घेताना वृद्ध वादकाला कोणाचे गाणे वाजवले हे विचारले जाईलच. त्यातले कोणते तुकडे सोडले आणि का सोडले, हेही विचारले पाहिजे. त्याच्या कलेचा हिशेब त्या उत्तरात आहे, आणि तो सांगणारा त्याच्याखेरीज दुसरा कोणी नाही.